बोटभर सरकलेला डोंगर

पाहुणा म्हणून यावं, पडवीत मुक्काम ठोकावा, आणि चार बायकांदेखत यजमानीणबाईच्या घराला तांबडा रंग फासावा, ही कुठल्या मुलखाची रीत?

चुलीपुढे बसलेली मोठी आई सकाळपासून हेच म्हणत होती. तिचं नाव सुगंधा सकपाळ, पण तांबडसर गावच्या वरच्यावाडीत तिला नावानं हाक मारायची छाती कुणाची नव्हती. लहानथोर सगळ्यांची ती मोठी आई. शाळा तिसरीपर्यंत, तीही गुरं राखता राखता. पण वाडीत लग्न ठरायचं असो की बांधावरचं भांडण मिटवायचं असो, शब्द तिचाच शेवटचा.

ज्याच्या नावानं हे खडे फोडणं चाललं होतं, तो पाहुणा पडवीत चार पाय मुडपून बसला होता. शेळीएवढा रोबो (स्वतः हिंडून, स्वतः ठरवून काम करणारं यंत्र). जिल्ह्याच्या आपत्ती केंद्रानं आषाढ लागताच डोंगराखालच्या दर दोन-तीन खोऱ्यांमागे असा एकेक धाडला होता. त्याची मान काठीसारखी वर सरकायची आणि पोटात दिवे लुकलुकायचे. दिवसभर डोंगर, माती, विहिरी मोजत फिरायचा, म्हणून वाडीनं त्याला नाव दिलं मापाड्या. गावात कुणीही परका आला तरी उतरायचा तो सकपाळांकडेच, तेव्हा हाही तिथेच उतरला. चहा घेत नाही, भाकरी खात नाही. विचारलं की म्हणतो, "थोडी वीज चालेल."

घडलं होतं ते असं. शेजारच्या गावच्या बायका मोठ्या आईचे चर पाहायला आल्या होत्या. चर म्हणजे डोंगरउतारावर आडवे खणलेले लांबलचक खड्डे. पावसाचं पाणी वाहून न जाता त्यांत थांबतं आणि जमिनीत मुरतं. दोन उन्हाळ्यांमागे मोठ्या आईनं सगळ्या वाडीला कुदळ धरायला लावली होती. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही पाटी तिनं कुठल्याशा रस्त्यावर वाचली, आणि एकदा तिनं मनावर घेतलं की संपलंच. आधी चैत्रात झरा आटायचा आणि बायका हंडे घेऊन नदीपर्यंत उतरायच्या. आता वैशाखातही झरा वाहत होता. तालुक्याचं बक्षीस मिळालं, त्याची पाटी ओटीवर लागली. तर त्या बायकांना ती पाटी दाखवत असतानाच मापाड्यानं आपल्या पोटातला दिवा समोरच्या भिंतीवर टाकला. वाडीचा नकाशा उमटला. घरं लाल, त्यांत सगळ्यात वरचं सकपाळांचं लालभडक.

"हे घर इथे असायला नको," मापाड्या म्हणाला. "डोंगर सरकत आहे. पाहुण्यांनीही इथे फार वेळ थांबू नये."

बायका चहा अर्धा टाकून निघून गेल्या. तेव्हापासून चुलीपुढची बडबड थांबली नव्हती.

"आजी, पण तो खोटं बोलत नाही," साजिरी म्हणाली. ही मोठ्या आईची नात. सहावीत होती आणि शेपटासारखी मापाड्याच्या मागे असायची.

"खोटं बोलत नाही तर बोलतो काय? या घरात माझी सासू नांदली, तिची सासू नांदली. डोंगर तेव्हा हलला नाही, तो हा चार पायांचा आल्यावर हलायला लागला?"

साजिरी पडवीत जाऊन मापाड्यापुढे मांडी घालून बसली. आजीचा राग बाजूला ठेवला, तरी प्रश्न बिनतोड होता. "सांग ना, मापाड्या. डोंगर तोच, पाऊस तोच. मग आत्ताच का सरकायला लागला?"

"हे कोडे मलाही सुटलेले नाही," मापाड्या म्हणाला. "सरकत आहे एवढेच मला माहीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून दोन बोटे, आणि या आषाढात आणखी एक बोट."

"बोटभर?" आतून आवाज आला. मोठी आई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली होती, पण कान पडवीत होते. "एवढा मोठा डोंगर बोटभर सरकला आणि ते तुला दिसलं? धुक्यात मला अंगणातली तुळस दिसत नाही."

"मला नाही दिसले, बाई. उपग्रहाला दिसले." उपग्रह म्हणजे पृथ्वीभोवती घिरट्या घालणारं माणसानं बनवलेलं यंत्र, हे साजिरीला ठाऊक होतं. "तो डोळ्यांनी बघत नाही. त्याच्याकडे रडार आहे (रेडिओलहरी सोडून, त्या कशा परत येतात त्यावरून अंतर मोजणारे यंत्र). या लहरींना ढग आडवे येत नाहीत, अंधार आडवा येत नाही. आणि त्यांतल्या लांब लहरी झाडांच्या पानांतूनही जमिनीपर्यंत पोचतात."

"बरं, पोचतात. मग?" साजिरी म्हणाली.

"लहरीला चढ असतो, उतार असतो, पुन्हा चढ, पुन्हा उतार. उपग्रह ठरलेल्या वाटेने येतो, डोंगरावर लहर सोडतो आणि परत आलेली लहर चढावर होती की उतारावर, हे टिपून ठेवतो. काही दिवसांनी त्याच वाटेने पुन्हा येतो, पुन्हा टिपतो. दोन्ही टिपणे जुळली तर जमीन जागच्या जागी आहे."

साजिरीनं डोकं खाजवलं. तिला काही उमजलं नाही.

मापाड्याची मान वर सरकली आणि वळणीवर वाळत घातलेल्या साड्यांकडे वळली. "त्या साडीच्या काठावर कोयऱ्या आहेत."

"माझ्या साडीला हात लावलास तर पाय मोडीन," आतून आवाज आला.

साडी साजिरीनंच काढली. मापाड्या सांगेल तशी तिनं ती दुमडली आणि काठावर काठ ठेवला. खालच्या काठाच्या कोयरीवर वरच्या काठाची कोयरी नेमकी बसली.

"ही पहिली फेरी आणि ही दुसरी," मापाड्या म्हणाला. "कोयरीवर कोयरी. जमीन हललेली नाही. आता वरचा काठ थोडासा ओढ."

साजिरीनं काठ नखभर ओढला. सगळ्याच्या सगळ्या कोयऱ्या चुकल्या. लांबून बघितलं तरी कळत होतं.

"अय्या! म्हणजे उपग्रहाला डोंगर दिसत नाही, कोयऱ्या चुकलेल्या दिसतात!"

"बरोबर. एक कोयरी म्हणजे लहरीचा एक चढउतार, साधारण तुझ्या वितीएवढा. ती पावभर चुकली की निम्मी, हे मोजता येते. म्हणून शेकडो कोसांवरून बोटाचा फरक कळतो."

साजिरी काठ ओढत राहिली आणि एकदम थांबली. वरची कोयरी सरकत सरकत खालच्या पुढच्या कोयरीवर जाऊन बरोब्बर बसली होती. "पण मापाड्या, डोंगर एक आख्खी कोयरी सरकला तर? मग तर सगळं जुळलेलंच दिसेल!"

"दिसेल. आणि उपग्रह फसेल," मापाड्या म्हणाला. "म्हणूनच त्याला पुन्हा पुन्हा यावे लागते. डोंगर एवढा सरकायच्या आत."

आत सुपाचा आवाज थोडा मंदावला होता. कोयरीचा काठ दुमडताना चुकला की घडी कशी नासते, हे मोठ्या आईला कुणी शिकवायला नको होतं. पण तिनं तसं दाखवलं नाही. "कसं कळलं ते कळलं," ती म्हणाली. "पण का सरकतोय ते कुठे सांगितलंस?"

मापाड्यानं भिंतीवर पुन्हा दिवा टाकला. या वेळी नुसती डोंगराची आकृती आली, कुठे फिकट, कुठे गडद. "हा उतार. गडद तिथे जास्त." मग त्यावर दुसरं चित्र चढलं, आधीचं न पुसता, काचेवर काच ठेवावी तसं. "ही माती. इथे कातळावर पुरुषभर जाड मातीचा थर आहे." मग पाऊस, मग झाडं, मग घरं. एकेक काच वर चढत गेली. "याला भूमाहिती म्हणतात (जमिनीच्या प्रत्येक ठिकाणाशी बांधलेली माहिती). एकट्या काचेतून काही कळत नाही. समोरच्या सुळक्याचा उतार याहून उभा आहे, पण तिथे माती नाही, कोरा दगड आहे. म्हणून तिथे दरड कोसळत नाही. उतार, माती आणि पाणी एका जागी भेटले की धोका."

"मग दोन वर्षांपूर्वीच्या काचा दाखव," साजिरी म्हणाली.

मापाड्यानं शेजारी दुसरी आकृती उमटवली. साजिरी भिंतीला नाक लावून एकेक काच ताडून पाहू लागली. उतार तोच. माती तीच. पाऊस यंदा उलट थोडा कमीच. झाडं होती तेवढी. घरं होती तेवढी. आणि मग आजच्या आकृतीत, घरांच्या वर, डोंगराच्या अंगावर तिला बारीक निळ्या रेघा दिसल्या. आडव्या, एकाखाली एक. जुन्या आकृतीत त्या नव्हत्या.

"मापाड्या, या रेघा कसल्या?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. तिनं आतल्या दाराकडे पाहिलं.

सुपाचा आवाज पूर्ण थांबला होता.

"चर," मापाड्या म्हणाला. त्याला थांबायचं कळत नव्हतं. "कोडे सुटले. बदल फक्त पाण्यात आहे. बाईंच्या चरांमुळे डोंगर सरकत आहे."

मोठी आई दारात येऊन उभी राहिली. आवाज चढला असता तर साजिरीला बरं वाटलं असतं. पण तो अगदी हळू होता.

"माझे चर? ज्यांचं पाणी तू येण्याआधी दोन वर्षं अख्खी वाडी पितेय, ते? थांब. तुझ्यादेखत करून दाखवते."

तिनं परात आणली, एका बाजूला पाट सारून तिरकी केली. "हा तुझा कातळ." वरच्या बांधावरची माती पाटीभर आणून परातीत थापली. "ही तुझी माती." मग तांब्यातलं पाणी वरून भसाभस ओतलं. पाणी गढूळ होऊन खाली वाहून गेलं. थोडी माती गेली, ढीग जागेवरच. "हा बिनचराचा डोंगर. पाणी गेलं वाहून, चैत्रात घसा कोरडा. आता बघ." तिनं ढिगाच्या वरच्या अंगाला बोटानं आडवी चरी काढली आणि तेवढंच पाणी त्या चरीत धार धरून हळूहळू सोडलं. एक थेंब खाली आला नाही. सगळं जिरलं.

"दिसलं? बक्षीस काय उगाच देतात?"

परातीत माती नुसती काळसर होत गेली. मग कसलाही आवाज न करता, वाडग्यातून खरवस निसटावा तसा, मातीचा ढीग अख्खाच्या अख्खा खाली घसरला आणि परातीच्या काठावर येऊन आपटला. मागे परातीचा तळ लख्ख दिसू लागला.



"मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात," मापाड्या म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज थोडा खाली होता, की साजिरीला तसं वाटलं. "त्यालाच घर्षण म्हणतात (एकावर एक घासणाऱ्या वस्तूंची धरून ठेवण्याची ताकद). मधे पाणी शिरले की ते कणांना आतून ढकलून दूर करते. पकड सुटते. वरून वाहून गेलेले पाणी एवढे करत नाही. मुरलेले करते. सपाट माळावर चर उत्तम, कारण तिथे घसरायला उतार नाही. इथे आहे. आणि खाली घरे आहेत."

मोठ्या आईनं परात उचलली, मोरीत नेली आणि बराच वेळ घासत बसली. न्हाणीघराचं दार गेल्या वर्षापासून लागत नव्हतं. ती म्हणायची, पावसानं लाकूड फुगलंय. परात घासता घासता तिनं त्या दाराच्या चौकटीकडे मान तिरकी करून पाहिलं. चौकटीचीही मान तिरकीच होती.

दुसऱ्या दिवशी भर पावसात तिनं वाडीला पुन्हा कुदळी धरायला लावल्या. चरांची तोंडं फोडायची, दगड लावून पाट काढायचा, सगळं पाणी ओढ्याला नेऊन सोडायचं.

"अगं पण वहिनी," धोंडू भावजी म्हणाले, "तूच खणायला लावलेस ना?" धोंडू सकपाळ तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. वाडीत तिच्याशी उलट बोलायचं धाडस एकट्या त्यांना होतं.

"मीच लावले, मीच फोडायला लावतेय. तुमच्या बाईलीचं काय गेलं?"

झऱ्याचं काय, हे कुणी विचारलं नाही, पण मोठ्या आईच्या मनात तेच होतं. मापाड्यानं जागा दाखवली, कातळ उघडा होता तिथे. तिथे टाकं बांधायचं ठरलं. बक्षिसाची पाटी मात्र तिनं ओटीवरून उतरवली नाही. बक्षीस ते बक्षीस.

श्रावणात डोंगराचं सरकणं मंदावलं. थांबलं नाही. डोंगर दोन वर्षं पाणी प्यायला होता, ते एका महिन्यात कसं निथळणार? मापाड्यानं उतारावर ठिकठिकाणी काठ्या रोवल्या. त्या कलल्या की त्याला लगेच कळवायच्या. उपग्रह येऊन जाऊन असतो, काठ्या कायम जागेवर, असं त्यानं साजिरीला सांगितलं.

आणि मग गणपती आले.

मुंबई-पुण्याचे चाकरमानी आले, लेकी आल्या, जावई आले, पोरांनी अंगणं भरली. सकपाळांच्या घरात तर पाय ठेवायला जागा नव्हती. चतुर्थीच्या संध्याकाळी साजिरीनं भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि तिला काहीतरी खटकलं.

"मापाड्या, तुझ्या काचेत आमच्या घरात माणसं किती आहेत?"

"पाच."

"मोज बरं आत्ता."

मापाड्यानं मान वर केली आणि एकेका घरावरून फिरवली. मग भिंतीवरची वाडी, जी श्रावणात लालची नारिंगी झाली होती, एकेक घर करून पुन्हा लाल होत गेली.

"डोंगर हलला?" साजिरी घाबरली.

"आज तसूभरही नाही. माणसे वाढली." मापाड्या थोडा थांबला. "धोका आणि जोखीम यांत फरक आहे. धोका म्हणजे दरड कोसळू शकते हे. जोखीम म्हणजे कोसळली तर किती नुकसान होईल ते. रानात दरड पडली तर धोका मोठा, जोखीम काहीच नाही. तोच धोका, आणि खाली भरलेली घरे, म्हणजे जोखीम प्रचंड. माझ्याकडे जनगणनेची माणसे होती. सणाची नव्हती."

"मग सणाचीही काच चढव," साजिरी म्हणाली. मापाड्यानं ती चढवली.

ऋषिपंचमीच्या दुपारी पाऊस असा लागला की पागोळ्यांची भिंत झाली. जेवणं नुकती आटोपली होती. एकाएकी मापाड्या उठून उभा राहिला, पडवीतून अंगणात गेला आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "वरच्या चार काठ्या कलल्या आहेत. ताबडतोब घर सोडा. ताबडतोब घर सोडा. शाळेत जा."

शाळा ओढ्यापलीकडे, उघड्या कातळावर होती. माणसं दारांत आली, पण उंबरा कुणी ओलांडला नाही.

"घर सोडा म्हणजे?" धोंडू भावजी डोक्यावर पोतं घेऊन आले. "घरात बाप्पा बसलाय! बसलेल्या गणपतीला एकटं टाकून जायचं? आमच्या सात पिढ्यांत दिवा मालवला नाही कुणी."

"मूर्ती बरोबर घ्या," मापाड्या म्हणाला. "तिचे वजन किती आहे?"

"वजन!" धोंडू भावजी भडकले. "अरे, प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्ती जागची हलवत नाहीत, विसर्जनाशिवाय! याला कुणी सांगा रे!"

"घर सोडा," मापाड्या पुन्हा म्हणाला. त्याच्याजवळ दुसरे शब्दच नव्हते. "घर सोडा."

सगळ्यांचे डोळे सकपाळांच्या ओटीकडे वळले. मोठी आई खांबाला धरून उभी होती. ती हलली असती तर वाडी हलली असती, आणि ती थांबली असती तर सगळे थांबले असते. मापाड्याला हे माहीत नव्हतं. साजिरीला होतं. तिनं आजीचा हात धरला.

इतक्या माणसांत, इतक्या जावयांदेखत, या घरातून पळ काढायचा? आणि देव हलवायचा? आयुष्यात तिनं सोवळ्यात चूक केली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे मात्र परातीचा लख्ख तळ आला, आणि काठावर आपटलेली माती. खाली परातीचा काठ होता. इथे काठाच्या जागी पोरंबाळं होती.

मोठी आई आत गेली. हात धुतले. मूर्तीपुढे अक्षता टाकल्या आणि सगळ्यांना ऐकू येईल एवढ्यानं म्हणाली, "देवा, पाहुणा म्हणून आलास. आता घरच्यासारखा आमच्याबरोबर चल."

मग तिनं मूर्ती उचलली, मुलाच्या, दिगूच्या, डोक्यावरच्या पाटावर ठेवली आणि अंगणात उतरली. "ज्याला माझ्याहून जास्त देव कळतो त्यानं मागे राहावं! बाकीच्यांनी गुरं सोडा, म्हातारी माणसं पाठीवर घ्या, आणि बाप्पा डोक्यावर. भांडी राहू देत. भांड्यांना कुणी रडत नाही."

धोंडू भावजी क्षणभर तोंड उघडं टाकून उभे राहिले. मग पोतं फेकून आत पळाले आणि स्वतःचा गणपती घेऊन बाहेर आले.

अशी मिरवणूक त्या खोऱ्यानं कधी पाहिली नव्हती. ना ढोल, ना झांजा. पावसात एकामागे एक माणसं आणि डोक्यांवर पाटोपाट गणपती, कुणावर छत्री, कुणावर केळीचं पान. मापाड्या पुढे चालत होता. ओढ्याकाठची जवळची वाट सोडून त्यानं त्यांना उंच कातळाच्या वाटेनं नेलं. ओढा कुठे फुगेल हे त्याच्या काचांत होतं.

शाळेच्या एकाच वर्गात बाकं जोडून सगळे गणपती मांडले. कुणाचा दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा दहा. समया कमी पडल्या तेव्हा पोरांनी खडूच्या डब्यांत वाती लावल्या. मापाड्या मात्र परत फिरला होता. एका म्हातारीची म्हैस राहिली होती, आणि काठ्या काय सांगतात तेही पाहायचं होतं.

आरती अर्ध्यावर आली असेल, तेव्हा तो आवाज झाला. ढगांसारखा नव्हता. ढग गरजून थांबतात. हा थांबेना, नुसता जवळ येत राहिला, जमिनीतून तळपायांत चढत राहिला. टाळ्या थांबल्या. मग आवाजही थांबला.

धुकं हललं तेव्हा दिसलं. डोंगराच्या अंगावर एक ताजी तांबडी जखम होती. सकपाळांची पडवी नव्हती. गोठा नव्हता. त्याखालची आणखी दोन घरं मातीखाली अर्धी गेली होती. खालची वाडी तशीच उभी होती.

बायका रडू लागल्या. मोठी आई रडली नाही. खिडकीचे गज धरून तिनं आधी माणसं मोजली, मग पोरं मोजली, मग पुन्हा एकदा पोरं मोजली. सगळी होती. साजिरी तिला बिलगून उभी होती.

थोड्या वेळानं दारात चिखलाचा एक गोळा आला. एक पाय ओढत. मागे म्हैस.

"चर फोडले नसते तर पुरी वाडी गेली असती, असे माझे गणित सांगते," मापाड्या म्हणाला. "माती निम्मीच आली. आणि माणसे बाहेर निघाली, म्हणून जिवाची जोखीम शून्य." मग त्याची मान खाली सरकली. "पलीकडच्या खोऱ्यातल्या तीन वाड्या माझ्या नकाशात लाल आहेत. तिथे मी श्रावणापासून सांगत आहे. कुणीच ऐकत नाही. त्यांनी माझ्यावर कुत्रे सोडले."

धोंडू भावजी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले.

मोठी आई खिडकीपासून वळली. तिनं पदराच्या टोकानं मापाड्याच्या तोंडावरचा, म्हणजे जिथे त्याचा दिवा होता तिथला, चिखल पुसला. जोरातच पुसला, पोराचं नाक पुसावं तसा. सगळा वर्ग ऐकत होता, आणि तिला ते हवंच होतं.

"इकडे बघ, मेल्या," ती म्हणाली. "मोजण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, हे मी सगळ्यांदेखत सांगते. पण बोलण्यात तुझ्यासारखा धोंडा मी पाहिला नाही. 'घर सोडा, घर सोडा.' अरे, तेवढ्यावर माझी म्हैससुद्धा उठली नसती. परक्याच्या दारात जावं, आधी खाली बसावं, पोरंबाळं विचारावीत, आणि मग डोंगराचं काढावं. ते तुला या जन्मी जमायचं नाही. बाप्पा गावाला गेले की आपण पलीकडच्या खोऱ्यात जायचं. साजू शाळेला सुट्टी असली की येईल, परात ती घेईल. मोजायचं तू. बोलायचं मी."